शेजाऱ्याने जिंकावं की हरावं?

२५ सप्टेंबर २००८, गुरुवारची रात्र. ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस या लहानशा विद्यापीठाच्या गावात सदर्न कॅलिफोर्नियाचा, म्हणजे यूएससीचा, फुटबॉल संघ उतरला होता. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याचा. यूएससी तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होती आणि यजमान ओरेगन स्टेट कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. त्यांच्याकडे जॅक्विझ रॉजर्स नावाचा पहिल्या वर्षाला असलेला एक पोरगा होता, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. पुढे उभ्या असलेल्या धिप्पाड साथीदारांमागे तो यूएससीच्या बचावफळीला दिसायचाच नाही, आणि दिसायचा तोवर चार-पाच यार्ड पुढे गेलेला असायचा. त्या रात्री तो एकटा १८६ यार्ड धावला. मध्यंतराला धावफलक २१-०. शेवटी २७-२१, आणि मग सगळं गाव मैदानात.

यूएससी त्यानंतर त्या हंगामात एकदाही हरली नाही. बारा विजय, एक पराभव, वर रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात पेन स्टेटवर मात. तरी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या लढतीला बोलावणं आलं ते फ्लोरिडा आणि ओक्लाहोमाला. त्या दोघांनीही एकेक सामना गमावलाच होता. फरक एवढाच, की त्यांचं हरणं दमदार शेजारात झालं असं मानलं गेलं आणि यूएससीचं हरणं लेच्यापेच्या शेजारात. कॉर्व्हॅलिसच्या आठवणीतली सर्वांत मोठी रात्र ही पश्चिम किनाऱ्याच्या हिशेबात सर्वांत महागडी रात्र ठरली.

मी ओरेगन स्टेटची. तिथे शिकले आणि अजूनही त्याच राज्यात राहते. त्यामुळे त्या रात्रीबद्दल मला पश्चात्ताप असण्याचं काही कारण नाही. पण त्यानंतरची पंधरा वर्षं आम्ही सगळे, म्हणजे या किनाऱ्यावरच्या विद्यापीठांचे चाहते, आमच्या पॅक-१२ या गटाच्या नावाने बोटं मोडत बसलो होतो. गट दुबळा, देशात पत नाही, मोक्याच्या वेळी माती खातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो गट मोडला, तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं, असं खेळल्यावर दुसरं काय होणार होतं? मला वाटतं हे निदान चुकीचं आहे. खेळाने तो गट मोडलेला नाही. आणि आमच्या वैतागाचं मूळही आम्ही समजत होतो तिथे नव्हतं.

कॉलेज फुटबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. वरच्या श्रेणीत सव्वाशेहून अधिक विद्यापीठांचे संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला सामने येतात बारा. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं अशक्य. म्हणून विद्यापीठांनी आपापसात गट केले, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आठ-नऊ सामने गटातल्यांशी, उरलेले बाहेरच्यांशी. मग ज्यांची कधी गाठच पडली नाही अशांमधून देशातला सर्वश्रेष्ठ कोण, हे ठरवायचं कसं? पूर्वी पत्रकार आणि कोच मतं देत. पुढे मतं आणि संगणक यांची सांगड घातली गेली. २०१४ पासून एक निवड समिती बसवली, ती प्लेऑफसाठी, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेरीसाठी, चार संघ निवडायची. पद्धत कुठलीही असो, हाताशी पुरावा एकच: कोण कुणाशी खेळलं आणि समोरचा किती तोलामोलाचा होता.

म्हणजे माझ्या संघाच्या विजयाची किंमत माझा शेजारी भलतीकडे कसा खेळतो त्यावर ठरते. भावकीत सातबारा सामाईक असावा तसंच हे. एकाने कर्ज थकवलं की बोजा सगळ्यांच्या नावावर चढतो, आणि त्या भावाशी आपलं बोलणंसुद्धा नसतं.

यातून चाहत्याची मोठी विचित्र कोंडी होते. शेजारी गटाबाहेर खेळेल तेव्हा तो जिंकावा. माझ्याशी खेळेल तेव्हा हरावा. आणि माझ्याशी हरल्यावरही त्याने देशात वरच्या क्रमांकावर राहावं, म्हणजे माझ्या विजयाला वजन येईल. या तीन इच्छा एकाच हंगामात पुऱ्या होणं कठीण. पण चाहता त्या तिन्ही उराशी धरतो आणि एखादी फसली की 'आपली कॉन्फरन्सच बोगस' म्हणून मोकळा होतो.

२०२१ चा गणपती आठवतो. आदल्या शनिवारी, ४ सप्टेंबरला, हंगामाची सुरुवात झाली होती आणि आमच्या गटाने एकाच दिवसात अब्रू घालवली होती. देशात विसाव्या क्रमांकावर असलेलं वॉशिंग्टन सिॲटलमध्ये, स्वतःच्या मैदानावर, खालच्या श्रेणीतल्या मोंटानाकडून १३-७ ने हरलं. स्टॅनफर्ड कॅन्सस स्टेटकडून, बर्कली नेवाडाकडून, वॉशिंग्टन स्टेट युटा स्टेटकडून, ॲरिझोना ब्रिगम यंगकडून आणि आम्ही पर्ड्यूकडून. पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो-बीव्हर्टनच्या पट्ट्यात बरीच मराठी घरं आहेत. त्यांपैकी एका घरी आरती झाल्यावर ॲरिझोना स्टेटला शिकलेला एक जण प्रसादाची वाटी हातात घेऊन माझ्यापाशी आला. म्हणाला, "ताई, तुमच्या लोकांनी पर्ड्यूचा मार खाल्ला. आता आमचं काय होणार?"

"तुम्ही आधी एखाद्या खऱ्या टीमशी खेळा, मग बोला," मी म्हटलं. त्यांचा पहिला सामना खालच्या श्रेणीतल्या सदर्न युटाशी झाला होता.

गंमत अशी की त्याच शनिवारी आमच्याच गटातल्या यूसीएलएने एलएसयूला, दक्षिणेतल्या त्या बलाढ्य एसईसी गटातल्या संघाला, ३८-२७ ने धूळ चारली होती. आणि पुढच्याच शनिवारी ओरेगनने, म्हणजे आमच्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाने, ओहायो स्टेटच्या घरात जाऊन त्यांना ३५-२८ ने हरवलं. गट दुबळा होता की बलवान? पुरावा दोन्हीकडे होता. पण समितीच्या वहीत ओरेगनचा विजय आणि मोंटानाकडून झालेला पराभव एकाच खात्यावर जमा. पुढे ओरेगनला स्टॅनफर्डने जादा वेळेत हरवलं, मग युटाने दोनदा चांगलंच लोळवलं, आणि प्लेऑफची आशा घरच्या घरीच विझली.

हे 'घरच्या घरी' प्रकरण जरा उलगडून पाहायला हवं, कारण आमच्या तक्रारीतला सर्वांत खरा भाग तोच आहे. २००६ मध्ये यूएससीला शेवटच्या शनिवारी फक्त यूसीएलएला हरवायचं होतं, की राष्ट्रीय लढत नक्की. यूसीएलएने १३-९ ने जिंकून तो दरवाजा बंद केला. त्याच हंगामात आम्हीही यूएससीला ३३-३१ ने हरवलं होतंच. २००७ मध्ये स्टॅनफर्डने, ज्यांच्यावर कुणी दमडी लावली नसती, यूएससीला त्यांच्याच मैदानावर २४-२३ ने गारद केलं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये ओरेगन पहिल्या क्रमांकावर होतं, तर त्याच स्टॅनफर्डने ओरेगनच्या घरी, युजीनमध्ये येऊन १७-१४. दरवेळी देशभरात बातमी एकच, पश्चिमेकडच्या गटाने पुन्हा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

यामागे एक साधं अंकगणितही होतं. आमचा बारा संघांचा गट आपापसात नऊ सामने खेळायचा. एसईसी आणि एसीसी हे गट आठ खेळायचे. बारा संघांनी नऊ-नऊ खेळायचे म्हणजे गटांतर्गत एकूण ५४ सामने, आणि प्रत्येक सामन्यात कुणीतरी हरणारच. आठ खेळले असते तर ४८. म्हणजे मैदानावर पाऊल ठेवण्याआधीच आम्ही सहा पराभव जास्तीचे लिहून ठेवलेले. त्या नवव्या सामन्याच्या जागी दक्षिणेतले संघ नोव्हेंबरच्या मध्यावर एखाद्या खालच्या श्रेणीतल्या पाहुण्याला बोलावून सहज विजय पदरात पाडून घ्यायचे. आम्ही मात्र रीतसर, शिस्तीत, एकमेकांना संपवत होतो.

तरीही सगळं खापर अंकगणितावर फोडणं मला पटत नाही. २०१७ च्या हंगामाअखेर बोल सामन्यांत आमच्या गटाचे नऊ संघ खेळले आणि फक्त युटा जिंकलं. एक विजय, आठ पराभव. हे सामने गटाबाहेरच्यांशी होते, इथे कुणी घरभेदी नव्हता. चार संघांच्या प्लेऑफची दहा वर्षं धरली, २०१४ ते २०२३, तर एकूण ४० जागा होत्या. त्यांपैकी आमच्या वाट्याला तीन आल्या: २०१४ ला ओरेगन, २०१६ आणि २०२३ ला वॉशिंग्टन. एकट्या क्लेमसनने सहा मिळवल्या. या दहा वर्षांत अजिंक्यपद एकही नाही. त्याआधीचं शेवटचं यूएससीचं, २००४ च्या हंगामाचं, आणि तेही एका खेळाडूला नियमबाह्य लाभ मिळाल्याच्या प्रकरणात नंतर काढून घेतलं गेलं. म्हणजे कपाटात जो शेवटचा करंडक होता तोसुद्धा कागदावरून पुसलेला.

पोरं कुठे जात होती, तेही पाहावं. ब्राइस यंग दक्षिण कॅलिफोर्नियातला. गेला अलाबामाला, तिथे २०२१ ची हाइझमन ट्रॉफी जिंकली. सी. जे. स्ट्राउड त्याच भागातला, गेला ओहायो स्टेटला. नाजी हॅरिस सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अँटिओकचा, तोही अलाबामाला. अठरा वर्षांच्या मुलाने दोन हजार मैल दूर जायचं ठरवलं, तर त्याला दोष कोण देणार? तिथे शनिवारी लाखभर लोक उभं राहून ओरडतात. इथे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये यूसीएलएच्या पहिल्या सामन्याला रोझ बोलच्या अवाढव्य मैदानात जेमतेम २७ हजार लोक आले. लॉस एंजेलिसमध्ये त्या दुपारी ऊन फार होतं, हे खरं. पण लॉस एंजेलिसमध्ये ऊन असतंच.

आता टीव्हीबद्दल. हा या गोष्टीतला सर्वांत रसाळ भाग आहे आणि आमच्या शिव्यांचा मोठा वाटा इथेच खर्च झाला. २००९ मध्ये लॅरी स्कॉट कमिशनर म्हणून आले, आधी ते महिला टेनिसच्या संघटनेचे प्रमुख होते. २०११ मध्ये त्यांनी ईएसपीएन आणि फॉक्सशी बारा वर्षांचा, सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार केला. कॉलेजांच्या कुठल्याही गटाला तोवर एवढे पैसे मिळाले नव्हते. युटा आणि कोलोरॅडो आल्याने दहाचे बारा झाले, गटाचं नाव पॅक-१२ पडलं, आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये गटाने स्वतःच्या वाहिन्या काढल्या. एक राष्ट्रीय, सहा प्रादेशिक, एकूण सात. सगळी मालकी आपली, भागीदार कुणी नको.

कागदावर हे स्वाभिमानाचं होतं. मध्य-पश्चिमेतल्या बिग टेन गटाने फॉक्सला भागीदार केलं होतं, एसईसीने २०१४ मध्ये ईएसपीएनचा हात धरला. त्या कंपन्यांकडे वजन होतं. आमच्या वाहिन्या घ्या नाहीतर तुमच्या बाकीच्या वाहिन्या बंद, असं त्या केबलवाल्यांना बजावू शकत होत्या. आमच्याकडे बजावायला काहीच नव्हतं. डायरेक्टटीव्ही या उपग्रह-सेवेशी करार झालाच नाही, वाहिन्या बंद पडेपर्यंत झाला नाही. देशभरातले खेळ दाखवणारे कितीतरी बार त्याच सेवेवर चालायचे. त्यामुळे शिकागोत बसलेल्या चाहत्याला दुपारी चार गटांचे सामने दिसायचे आणि आमचा दिसायचा नाही. मधल्या काळात गटाचं कार्यालय वॉलनट क्रीकच्या उपनगरातून सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीत आलं आणि कमिशनरचं वार्षिक मानधन ५० लाख डॉलरच्या घरात पोचलं. चाहत्यांच्या संतापाला चेहरा हवा असतो. तो या सगळ्यात आयता मिळाला.

वेळेचा घोळ वेगळाच. टीव्हीवाल्यांना रात्री उशिराची जागा भरायला सामने हवे असत, आणि पश्चिमेशिवाय त्या वेळी कोण खेळणार? म्हणून आमचे सामने संध्याकाळी साडेसातला सुरू व्हायचे. तेव्हा न्यूयॉर्कला रात्रीचे साडेदहा. मतं देणारे पत्रकार आपापली बातमी पाठवून झोपायच्या तयारीत. सामना संपायचा तेव्हा तिथे दुसरा दिवस लागलेला. पुण्यात मात्र सामना सुरू होताना रविवारच्या सकाळचे आठ वाजलेले असत, हातात चहा. भारताच्या सोयीने कॉलेज फुटबॉलच्या वेळा ठरवणारी कॉन्फरन्स जगात एकच होती, पण पुण्यातल्या मंडळींना निवड समितीवर कुणी घेतलं नाही.

तर हरणं, अंकगणित, पळून जाणारी पोरं, न दिसणाऱ्या वाहिन्या, मध्यरात्रीचे सामने. एवढी आरोपांची यादी हातात असताना गट मोडला तर नवल काय, असं वाटतं. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की हा युक्तिवाद टिकत नाही.

३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनमध्ये जाण्याची घोषणा केली. दहाच महिन्यांपूर्वी बिग टेन, एसीसी आणि पॅक-१२ यांनी मोठा गाजावाजा करून 'युती' जाहीर केली होती. कागदावर सही कुणाचीच नव्हती, शब्दावर विश्वास होता म्हणे. यूसीएलएची त्यावेळची कामगिरी काय? रोझ बोल सामन्यात ते शेवटचे खेळले होते १ जानेवारी १९९९ ला. २०१८ मध्ये त्यांनी तीन सामने जिंकले, नऊ हरले. त्याच वर्षी पूर्व वॉशिंग्टनच्या गव्हाच्या टेकड्यांमध्ये वसलेल्या पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेटने अकरा जिंकले, दोन हरले. घोषणेनंतरच्या २०२२ च्या हंगामात आम्ही दहा जिंकले आणि डिसेंबरमध्ये लास वेगासला फ्लोरिडाला, साक्षात एसईसीच्या फ्लोरिडाला, ३०-३ असं झोडपलं. कामगिरीवर निवड झाली असती तर पुलमनला, आणि वर्षभराने कॉर्व्हॅलिसलाही, बोलावणं यायला हवं होतं. बोलावणं आलं लॉस एंजेलिसला, कारण तो देशातला दुसऱ्या क्रमांकाचा टीव्ही बाजार आहे. मैदानातल्या रिकाम्या खुर्च्या कुणी मोजल्याच नाहीत. मोजली ती शहरातली घरं.

पुढे घसरण वेगाने झाली. नवे कमिशनर जॉर्ज क्लियाव्कॉफ टीव्ही-करारासाठी वर्षभर खेटे घालत राहिले, तेवढ्यात बिग १२ या दुसऱ्या गटाने आपला करार आधी उरकून घेतला. २७ जुलै २०२३ ला कोलोरॅडो गेलं. ऑगस्टच्या सुरुवातीला ॲपलचा प्रस्ताव समोर आला, त्यात हमीची रक्कम कमी आणि बाकी सगळं किती लोक वर्गणी भरतील त्यावर. ४ ऑगस्टच्या एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ ला. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसीत, ज्याच्या नावातच अटलांटिक किनारा आहे. उरलो दोघे: आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. कॉर्व्हॅलिसला त्याच महिन्यात, कोट्यवधी डॉलर खर्चून नवं केलेलं, सुमारे ३५ हजार क्षमतेचं रीझर स्टेडियम खुलं झालं.

आणि मग तो हंगाम. सप्टेंबरच्या मध्यावर देशातल्या पहिल्या पंचवीसांत आमच्या गटाचे आठ संघ होते. बारांपैकी आठ! आम्ही १४ वे असताना पुलमनला गेलो आणि ३८-३५ ने हरलो. मागे राहिलेल्या दोघांची ती लढत गटातल्या त्या वर्षीच्या झकास सामन्यांपैकी एक होती. डिसेंबरात वॉशिंग्टनने ओरेगनला ३४-३१ ने हरवून गटाचं विजेतेपद घेतलं, जानेवारीत टेक्सासला नमवलं आणि अंतिम सामन्यात मिशिगनकडून ३४-१३ ने हरले. इतकी वर्षं आम्ही जे मागत होतो ते सगळं मिळालं, गट विसर्जित होण्याचं वेळापत्रक ठरून गेल्यानंतर. पुढल्या वर्षी तर कहर झाला. २०२४ चं बिग टेनचं विजेतेपद ओरेगनने पहिल्याच वर्षी घेतलं. बिग १२ चं ॲरिझोना स्टेटने घेतलं, ज्यांना हंगामाआधीच्या अंदाजात त्या गटात सोळावा, म्हणजे शेवटचा क्रमांक दिला होता. प्रसादाच्या वाटीवाल्याचा मला रात्री फोन आला. तो काय म्हणाला ते सांगत नाही.

मग पंधरा वर्षं आम्ही कशाबद्दल चिडत होतो? माझ्या मते, ज्या कामासाठी ही संस्था जन्मलीच नव्हती ते काम ती करत नाही याबद्दल. १९१५ च्या डिसेंबरमध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांची माणसं बसली: बर्कली, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आमचं, तेव्हा ते शेतकी कॉलेज होतं. त्यांनी ठरवलं काय, तर कुणाला खेळू द्यायचं, नियम कुठले आणि कोण कधी कुणाकडे जायचं. रेल्वेने जाऊन परत येता येईल अशा अंतरावरच्यांची ती व्यवस्था होती. सर्वोच्च मान होता रोझ बोलचा. १९४७ पासून करारच होता, आपला विजेता विरुद्ध मध्य-पश्चिमेचा विजेता, १ जानेवारीला, पॅसाडीनाला. तो सामना जिंकला की झालं. देशात पहिले कोण, यावर वर्तमानपत्रं भांडोत. १९९८ मध्ये राष्ट्रीय लढतीची नवी पद्धत आली आणि हळूहळू रोझ बोल हे सांत्वनपर बक्षीस होऊन बसलं. डोंगर तेच, मैदान तेच, पण तिथे पोचलेल्या संघाच्या चाहत्याला आता विचारलं जाऊ लागलं, "अरेरे, प्लेऑफ हुकलं का?"

दक्षिणेत चाहते स्टँडमध्ये 'एस-ई-सी' असा गटाच्या नावाचा घोष करतात. शेजाऱ्याने जिंकलं तरी करतात. आमच्याकडे 'पॅक-ट्वेल्व्ह' असं ओरडताना मी कुणालाही ऐकलेलं नाही. आम्हाला शेजाऱ्याशी भांडायचं होतं, त्याच्या नावाने घोषणा द्यायच्या नव्हत्या, आणि ही माझ्या लेखी आमची जमेची बाजू होती. पण राष्ट्रीय क्रमवारीचा चष्मा डोळ्यांवर चढल्यावर आम्हीही गटाकडे हिशेबनिसाच्या नजरेने पाहू लागलो. जॅक्विझ रॉजर्स धावतोय आणि मनात हिशेब, की याने गटाचं नुकसान होईल. एकदा गट हा जिंकण्या-हरण्याचा, किंमत करण्याचा जिन्नस झाला की मग त्याची किंमत करणारेही येतात, आणि त्यांचा तराजू आमच्यापेक्षा पुष्कळ चोख असतो. टीव्हीवाल्यांनी आमच्याच पद्धतीने हिशेब केला, फक्त विजयांऐवजी घरं मोजली.

इथे जुन्या दिवसांचं गुणगान गाण्याचा मोह होतो, पण इतिहास तशी सवलत देत नाही. हा गट पूर्वीही एकदा मोडला होता. १९५० च्या दशकात खेळाडूंना चोरून पैसे पुरवण्याचं प्रकरण उघडकीला आलं, आरोप-प्रत्यारोप झाले आणि जुना गट १९५९ मध्ये विसर्जित झाला. लगेच पाच मोठ्यांनी नवा गट केला: बर्कली, स्टॅनफर्ड, यूएससी, यूसीएलए, वॉशिंग्टन. बाहेर राहिले ओरेगन, आम्ही, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ मध्ये आत घेतलं, ओरेगनच्या दोघांना १९६४ मध्ये. आयडाहोला कधीच नाही, आणि आज ते खालच्या श्रेणीत खेळतात. त्यांचा पॅसाडीनाशी काही संबंध होता हे त्यांच्या आजच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगितलं तर पटणारही नाही. शेजारधर्म तेव्हाही पैशाला आणि प्रतिष्ठेला ओलांडून जात नव्हता. फरक इतकाच की तेव्हा वगळलेल्यांना परत बोलवावं लागलं, कारण खेळायला जवळपास दुसरं होतं कोण? आता विमान आहे आणि टीव्हीचे पैसे आहेत, त्यामुळे ओरेगनचा संघ थेट न्यू जर्सीला रटगर्सशी खेळायला जाऊ शकतो. शेजाऱ्याची गरज संपली.

आमची आणि ओरेगनची लढत १८९४ पासूनची. ती नोव्हेंबरच्या अखेरीला व्हायची, वर्षभराचा हिशेब चुकता करायला. २०२४ आणि २०२५ मध्ये ती सप्टेंबरात उरकली गेली. आम्ही ४९-१४ आणि ४१-७ असे हरलो. मला त्या आकड्यांपेक्षा तो महिना जास्त झोंबला. युजीनच्या लोकांना आता नोव्हेंबरात दुसरी कामं असतात.

गटाचं नाव मात्र जिवंत आहे. आम्ही दोघे कोर्टात गेलो, गटाचा कारभार आणि पैसा आमच्याकडे राहिला. आठ सभासद असावेत असा नियम आहे, त्यासाठी दोन वर्षांची सवलत मिळाली. २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट असे सहा जण येणार, असे मिळून आठ. हा गट देशात कितवा, याला प्लेऑफमध्ये जागा मिळेल का, बॉइझीने गटाबाहेर जिंकलं तर आपल्याला किती फायदा, अशी चर्चा सुरूही झाली आहे. मी तिच्यात पडत नाही. बॉइझीने कुणाशीही खेळावं आणि आपलं भलं करून घ्यावं. कॉर्व्हॅलिसला येतील तेव्हा मात्र त्यांनी हरावं. त्या पराभवाने गटाची पत घसरते की वाढते, ते समितीने पाहावं.